नव्वदची खूण

चाळीस

दारू, चिंधी, गोळी, गज, रंजक.

मी मोठ्याने म्हणत होते. कुंपणापलीकडच्या गायी सोडल्या तर ऐकायला कोणी नव्हतं. बापाने बंदूक शिकवली तेव्हा तोही असंच म्हणून घ्यायचा. ठासणीच्या बंदुकीत एक गोष्ट जरी मागेपुढे झाली तर पुढच्या खेपेला सुधारायला माणूस जागेवर असेलच असं नाही.

शिंगातली काळी दारू आधी पितळेच्या मापात, चाळीस ग्रेन वजनाची, आणि मग मापातून नळीत. शिंग थेट नळीला लावायचं नाही. आत ठिणगी राहिली असेल तर शिंगच हातात फुटतं. नळीच्या तोंडावर थुंकीने ओली केलेली चिंधी, गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची. तिच्यावर शिशाची गोळी. मग गजाने दाबत दाबत खाली, दारूवर टेकेपर्यंत. शेवटी नळीच्या बाजूच्या वाटीत चिमूटभर बारीक दारू. तिला रंजक म्हणतात. गारगोटीची ठिणगी आधी तिच्यावर पडते, मग आग बारीक भोकातून नळीत शिरते. घोडा मागे.

आणि मग गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर.

तिथेच माझं घोडं अडलं.

गाल टेकतो तिथून नळीचं बूड वीतभर लांब. मागच्या ऑक्टोबरात माझ्या भावाने, आर्लीने, असाच गाल टेकवला होता. त्याची बंदूक आणि ही माझी, दोघी जुळ्या. दोन्हींच्या नळ्या माझ्या नवऱ्याने, कॉयने, एकाच लोखंडी कांबीतून काढलेल्या. आर्लीची नळी बुडाजवळ फुटली. उजवा डोळा गेला, डाव्या हाताची दोन बोटं गेली.

मी डोळे मिटले. मग उघडले, कारण मिटून नेम धरता येत नाही. चाप ओढला.

ठिणगी. भुस्स. धडाम.

धूर विरला तेव्हा मी गालाला हात लावून पाहिला. होता.


आदल्या दिवशी, जेवताना

"उद्या तुझी नळी कापतो," कॉय म्हणाला. वाडग्यातल्या बीन्समधून मान वर न काढता.

"वर्षभर भिंतीवर टांगून ठेवलीस, आजच काय सुचलं?"

"शेजारचा हॅस्केल येऊन गेला. त्याच्या पोराला माझ्या नळीची बंदूक हवी म्हणतो. काय सांगू त्याला? माझ्या मेव्हण्याचा डोळा बघून ये आणि मग पैसे आण?"

"अरे, तूच ही टायरला बांधलीस, दुप्पट दारू घातलीस, लांबून दोरीने चाप ओढलास. काही झालं का?"

"आर्लीचीही तशीच उडवून पाहिली होती. काही झालं होतं का?"

मक्याच्या भाकरीचा तुकडा मी उगाच कुस्करत राहिले.

"त्या कांबीच्या आणखी तीन नळ्या लोकांकडे आहेत," तो म्हणाला. "तिघांकडे जातो, तिन्ही परत मागतो, सगळ्या कापतो. भट्टी विझवून टाकतो. लोखंडात काय दडलंय ते मला दिसत नाही, डेल्फी. वर्षभर बघतोय. नाही दिसत."

"मला एक दिवस दे."

"कशाला?"

"नेम जुळवायला लोक माप चढवत नेतात तसं चढवत नेते. चाळीसपासून. नव्वदला टिकली तर करवत बाजूला ठेवायची."

नव्वद हे आर्लीचं माप. त्याच मापाला ती फुटली.

"आणि नाही टिकली तर?"

"तर शाळेची बस चालवायला दुसरं कोणी बघतील."

तो हसला नाही. वाडगं मोरीत ठेवून आला आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. "मी बघायला येणार नाही हं."

"नकोच येऊस. तू जवळ असलास की मला जास्त भीती वाटते."


पन्नास

प्रत्येक मापाला तीन बार. दर बारानंतर ओल्या चिंधीने नळी पुसायची, नाहीतर आत काजळी साठते आणि गोळी मध्येच अडकते. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली तर धक्का पुढे सरकायच्या आधी नळीच्या भिंतीवर जातो. हे आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आर्लीला तर नक्कीच ठाऊक होतं, पण त्याला पुसायचा कंटाळा. "पुसापुशी बायकांची कामं," म्हणायचा. मी म्हणायचे, "म्हणून तर बायका जिंकतात."

बार झाला की चिंधी दहाबारा पावलांवर गवतात पडते. ती शोधायची आणि वाचायची. मधे भोक जळलं असेल तर कापड पातळ आहे. कडा फाटल्या तर नळीच्या आतल्या खाचा धारदार आहेत. गोल, तपकिरी, शाबूत असेल तर सगळं ठीक. मी त्या चिंध्या कपड्यांच्या चिमट्यांनी कुंपणाच्या तारेला लावत होते. चाळीसच्या तीन, पन्नासच्या तीन. सहाही शाबूत.

आणि गजावर दोरा. गोळी दारूवर टेकली की गज नळीच्या तोंडाशी जिथे येतो तिथे मी लाल दोरा बांधते. पुढच्या भरण्याला दोरा तोंडाशी आला म्हणजे गोळी तळाला पोचली. दारू वाढवली की गोळी तेवढी वर बसते, म्हणून प्रत्येक मापाचा दोरा वेगळा. चाळीस आणि पन्नासच्या दोऱ्यांत एका मक्याच्या दाण्याच्या जाडीएवढं अंतर होतं.

गज आर्लीचा. माझा भिंतीवरच उन्हाळ्यात वाळून चिरला. त्याचा नळी फुटली त्या दिवशी गवतात पडलेला सापडला होता, आमच्या गाडीतून घरी आला आणि इथेच राहिला. हिकरीच्या चिवट लाकडाचा, चांगला सरळ गज. टोकाची पितळेची टोपी सैल झाली होती, ती अपघाताच्या आधी कॉयनेच नवी पिन मारून बसवून दिली होती. वरच्या अंगाला आर्लीने चाकूने कोरलेली खूण होती, त्याच्या नव्वदची. ती मला दिसत नव्हती; नव्वदच्या आतल्या मापांना ती नळीत बुडणारच.

मला ती दिसायला नको होती. दिसली की वेळ आली असं समजायचं.


साठ

पहिला बार. गाल आहे.

दुसरा. आहे.

तिसऱ्याच्या आधी मला चर्चच्या पायरीवरची ओमा आठवली. तिच्या नवऱ्याकडे त्या तीन नळ्यांपैकी एक. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "डेल्फे, तुझ्या नवऱ्याची ती वस्तू आम्ही गोठ्यामागे ठेवलीये बरं का. खुराडं लांब आहे तिथून. अंडी देणाऱ्या कोंबड्या आहेत गं माझ्या."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आता हसू आठवलं आणि नेम हलला, गोळी निशाणाच्या फळीच्या कडेला लागली. दारूचा दोष नाही. तो बार धरायचा नाही.

पुन्हा दारू, चिंधी, गोळी, गज, रंजक.

गाल आहे.


सत्तर

जळक्या फळीवर चाकूने फुली कोरलेली असते. काळ्यावर पांढरी, लांबून दिसते. सत्तरची तीन भोकं फुलीच्या मध्याला एकमेकांत घुसून बसली. तिघांवर मिळून एक नाणं ठेवलं तर झाकली जातील.

हेच हिचं माप. कुठल्याही नेमबाजाने इथे थांबून, बंदूक पुसून, घरी जाऊन कॉफी घेतली असती. शनिवारच्या नेमबाजीच्या स्पर्धेत बक्षीस बैलाच्या मांसाचं असतं; या मापाने त्याचा मागचा पाव हिस्सा, सगळ्यात मोठा, माझ्या फ्रीजरमध्ये आला असता.

पण कॉयला बैलाचं काही नव्हतं. त्याला नव्वद हवं होतं.

मी वर्कशॉपकडे पाहिलं. दार बंद. आत तो काही करत नव्हता, कारण काही करत असता तर आवाज आला असता. तो आत बसून मोजत होता. तीन, आणि तीन, आणि तीन, आणि एक वाया गेलेला, आणि पुन्हा तीन. प्रत्येक बारानंतर माझ्या पावलांचा आवाज येतो का ते ऐकत होता. म्हणून मी चिंधी शोधायला मुद्दाम पाय आपटत जात होते.


ऐंशी

दारू, चिंधी, गो—

दारू घातली का?

माप रिकामं होतं. म्हणजे घातली. की अजून भरलंच नव्हतं? शिंगाचं बूच उघडं. म्हणजे भरलं. की भरायला उघडलं आणि गाय हंबरली म्हणून वळले?

मी तशीच उभी. दोनदा पडली असेल तर एकशेसाठ. घाम मानेवरून खाली. ऑक्टोबरात.

मग गज आठवला. गोळी खाली दाबली, गजाकडे पाहिलं. सत्तरचा दोरा नळीच्या तोंडापासून मक्याच्या एका दाण्याएवढाच वर होता. म्हणजे ऐंशीच, एकदाच. दोनदा पडली असती तर तो नऊ दाणे वर दिसला असता. गज खोटं बोलत नाही, असं मी स्वतःशी म्हणाले आणि ऐंशीचा दोरा बांधला.

बार.

खांद्याला आता लागायला लागलं होतं. चिंधीच्या कडा करपलेल्या, पण शाबूत. भोकं पांगली. तिसऱ्या बाराला मी ओरडले. कोणाला नाही, नुसतीच.


नव्वद

दारू.

चिंधी.

गोळी.

गज.

आता खूण दिसणार. नव्वदचं माप, नव्वदची खूण, जुळ्या नळ्या, तोच गज. खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी.

खूण नव्हती.

मी वाकून पाहिलं. ऐंशीचा दोरा तोंडाच्या दाणाभर वर. त्याच्या खाली तोंडापर्यंत कोरं लाकूड. खूण कुठेच नाही. खूण आतच होती.

गोळी फार खाली गेली म्हणजे खाली दारू कमी आहे. कमी का? सांडली? बाजूच्या भोकातून निसटली? आणि कमी असेल तर कुठे गेली, माझ्या पायाशी? मी खाली पाहिलं. गवत. गवतावर काही नाही.

गज वर ओढला, बोटाने चाचपत. खूण नळीच्या तोंडापासून दोन बोटं खाली निघाली. पुरती दोन.

दोऱ्यांकडे पाहिलं. चाळीस, पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी. पाचही एकाखाली एक, सारख्या अंतराने, मक्याच्या दाण्याच्या जाडीने. नव्वद त्यांच्या रांगेत बरोबर बसत होतं. दोरे बरोबर. दारू बरोबर. एकटी खूण चुकीची.

आर्लीने ती खूण मापूनच कोरली असणार. मग लाकडावरची खूण खाली सरकते कशी?

मी गज उलटा धरला. टोकाला पितळेची टोपी. नवी पिन चमकत होती.


बार नाही

वर्कशॉपचं दार धाडकन उघडलं. कॉय धावत आला. त्याला धावताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बार का नाही झाला? डेल्फी! बार का नाही झाला?"

"अजून रंजक घातली नाही."

"मग उभी काय अशी? मला वाटलं, चाप ओढलास आणि... खाली ठेव. नळी तिकडे कर. माझ्याकडे नाही, डोंगराकडे!"

"डोंगराकडेच आहे. तूच समोरून धावत आलास, गाढवा."

तो बाजूला झाला आणि गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेऊ लागला. मी त्याच्या पुढे गज धरला.

"टोपी बसवताना तू याचं टोक कापलं होतंस?"

"चिरलं होतं ना. चिरलेल्यावर पिन कशी बसेल? कापलं थोडं."

"किती?"

"थोडं गं. दोन..."

तो गजाकडे बघत होता. मग खुणेकडे. मग पुन्हा टोकाकडे. मग तो वळून वर्कशॉपकडे चालू लागला, सावकाश, जणू पायाखाली बर्फ आहे.


दोन बोटं

फुटकी नळी बाकाखाली चाऱ्याच्या पोत्यात गुंडाळलेली होती. वर्षभर ती तिथे आहे हे मला ठाऊक होतं. झाडताना मी पोत्याला झाडू लागू देत नसे.

कॉयने ती बाकावर ठेवली. फाटलेलं लोखंड बाहेर वळलेलं, केळीची साल सोलावी तसं. त्याने गज नळीच्या अंगाला लावला, बाहेरून, खूण नळीच्या तोंडाशी बरोबर जुळवून. आर्लीने त्या दिवशी खूण पाहिली, गोळी पोचली असं समजला, थांबला. गोळी कुठे होती त्या वेळी?

गजाचं पितळी टोक फाटलेल्या ओठाच्या मधोमध येऊन थांबलं.

तिथेच होती. दारूच्या दोन बोटं वर. मधे मोकळी जागा. नळी काजळीने घट्ट, त्यामुळे हाताला वाटलं की टेकली. आणि खुणेने हो म्हटलं.

"लोखंड नाही," मी म्हणाले.

कॉयने मान हलवली.

"कॉय. लोखंड चांगलं आहे. ऐकतोयस ना? तिन्ही नळ्या चांगल्या आहेत."

"ऐकलं." तो बाकाच्या कडेला टेकला. "लोखंडाचाच दोष असता तर बरं होतं गं. मला त्याची सवय झाली असती."

वर्षभर मी एकाच गोष्टीला भीत होते. आता ती गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली, आणि ही बंदुकीतून सुटणारी नव्हती.

"त्यानेही नळी पुसली नाही," मी म्हणाले. "गज आपटून पाहिला नाही. आपटला असता तर कळलं असतं. गोळी पक्की बसली की गज टणकन उसळतो. आपण त्याला एवढंच सांगू. गोळी वर राहिली. हे खोटं नाही."

"नाही. खोटं नाही." तो उठला. "तुझी भरलेली आहे का अजून?"

"आहे."

"दे इकडे."


अजूनही नव्वद

कारण कळलं म्हणून भीती जात नाही. ती गुडघ्यात असते, तिथे कोणी समजावायला जात नाही.

कॉयने आधी गज नळीत टाकला आणि सोडला. टण्. उसळला. त्याने रंजक घातली, आडवा झाला, नळी ओंडक्यावर ठेवली आणि गाल दस्त्यावर टेकवला. वर्षभरात पहिल्यांदा. मी त्याच्या मागे. डोळ्यांवर हात नाही ठेवला, पण बोटं तोंडात होती.

ठिणगी. भुस्स.

आणि काही नाही.

वाटीतून धूर वर गेला. बार नाही.

"हलू नकोस," मी म्हणाले.

"हलत नाहीये."

आत ठिणगी जिवंत असेल तर बार उशिरा होतो. कधी श्वासभराने, कधी माणूस उठून नळीत डोकावतो तेव्हा. म्हणून नळी डोंगराकडे, गाल तिथेच, आणि थांबायचं. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. एक गाय कुंपणापर्यंत आली आणि चिंध्यांचा वास घेऊन गेली. मी मनात आमच्या लग्नातली प्रार्थना म्हणायला लागले आणि अर्ध्यावर विसरले.

"काजळी बसली असेल भोकात," शेवटी तो म्हणाला. "तार दे."

मी तार दिली. त्याने भोक मोकळं केलं, पुन्हा रंजक घातली.

धडाम.

धूर. मला त्याचं डोकं दिसेना. मी ओरडले की नाही, आठवत नाही. मग धुरातून त्याचा खोकला आला.

नळी गरम, सरळ, अखंड. चिंधी शाबूत. फळीवरचं भोक फुलीपासून चार बोटं डावीकडे.

"नव्वदला तर नेमही नाही," कॉय म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज आला. "नुसता धूर आणि खांदेदुखी. सत्तरला काय पडलं?"

"एकात एक. तिन्ही."

त्याने फुटकी नळी पोत्यात गुंडाळली, गज उचलला आणि गाडीच्या चाव्या मागितल्या.

"काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"दोन बोटं," तो म्हणाला.


आर्लीकडे

गाडी मी चालवली. वळणावर एकदा वाटलं, सरळ पुढे जाऊ, घाट उतरू, गावात जाऊन तेल भरू, काहीही. मग वळले.

आर्ली ओसरीवर बसला होता, अक्रोड फोडत. आमची गाडी पाहून उठला नाही.

"काय मेव्हण्या," तो म्हणाला. "आता काय फोडायला आलास? डोळा एकच उरलाय."

कॉयने नळी त्याच्या पुढ्यात ठेवली. तिच्या अंगाला गज लावला. खूण तोंडाशी. टोक फाटलेल्या जागी. मग तो म्हणाला, "टोक मी कापलं होतं. दोन बोटं. तुला सांगितलं नाही. मलाच सुचलं नाही, आर्ली. खूण आहे हे ध्यानातच आलं नाही."

आर्ली वाकला. एका डोळ्याने बघायला त्याला मान पुरती वळवावी लागते. मी त्याच्या हाताकडे पाहत होते; हातात हातोडी होती.

"तू पण पुसली नव्हतीस," मी म्हणाले.

"तू गप, डेल्फे."

आर्लीने मान कॉयकडे वळवली.

"हिची उडवलीस? नव्वदने?"

"मी उडवली," कॉय म्हणाला. "टिकली."

"आणि हिने?"

"ऐंशीपर्यंत तिने."

आर्लीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या गालाकडे, जणू खात्री करून घेत होता. "भोकांचा घोळका कितीला पडला?"

"सत्तरला."

"सत्तर." त्याने हातोडी खाली ठेवली. "बायकी माप."

कोणी हसलं नाही. तोही नाही. आत या असं तो म्हणाला नाही. त्याने गज उचलला, मांडीवर आडवा घेतला, डाव्या हाताच्या तीन बोटांनी धरला आणि खिशातून चाकू काढला. जुन्या खुणेवर पातं ठेवलं आणि ती तासून काढायला लागला. लाकूड चिवट होतं. गज तीन बोटांत नीट ठरत नव्हता, फिरत होता. पातं सटकलं, अंगठ्याजवळून गेलं. तो थांबला, पुन्हा ठेवलं.

कॉयचा हात पुढे झाला, गज धरायला. मग मागे गेला.

पातं पुन्हा सटकलं. खूण अजून अर्धी बाकी होती.